शेरभर तेलाचे मिलिलिटर

माझ्या सासूबाईंच्या केसांच्या तेलाची कृती तोंडी होती, आणि ती अशी: तिळाचं तेल शेरभर, माक्याचा रस शेरभर, आवळ्याचा रस पावशेर, ब्राह्मीचा नवटाक, आणि शेवटी नखाएवढा कापूर. हैदराबादेत लिटर येऊन तेव्हा तीसेक वर्षं होऊन गेली होती. आमच्या बरकतपुऱ्याच्या घरात दूध लिटरने यायचं, रॉकेल लिटरने यायचं. तेलाची गोष्ट निघाली की मात्र शेर, पावशेर आणि नवटाक. शेराचा चौथा हिस्सा पावशेर, पावशेराचा अर्धा नवटाक. एवढं कळलं की त्या घरात राहता येत होतं.

मी नांदेड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. वडिलांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. नांदेडला वसतिगृहात राहून मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले. हे जमलं त्याचं पुष्कळसं श्रेय शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना आहे. शाळेत काचेचं मोजपात्र एकच होतं आणि ते सरांच्या कपाटात कुलपात असायचं. सर ते बाहेर काढायचे आणि आम्हाला एकेकाला गुडघ्यावर बसवून वाचायला लावायचे. “डोळा रेषेच्या पातळीत आण. वरून बघशील तर जास्त दिसेल, खालून बघशील तर कमी. खरं काय ते समोरून बघितल्यावरच कळतं.” फळ्यावर शेर-छटाकांची कोष्टकंही त्यांनीच लिहून दिली होती, परीक्षेला नसतानासुद्धा. मला ती पाठ होती. कधी उपयोगी पडतील असं वाटलं नव्हतं.

लग्नानंतर वर्षभर मी अर्ज करत होते आणि नोकरी मिळत नव्हती. माझे पती तारनाक्याला रेल्वेच्या कचेरीत होते आणि संध्याकाळी कॉम्प्युटरच्या क्लासला जायचे. त्या काळात अर्धं हैदराबाद कसल्या ना कसल्या क्लासला जात होतं. मला घरी बसून अवघडल्यासारखं व्हायचं. पण सासूबाई, म्हणजे आत्याबाई (आमच्याकडे सासूला आत्याबाई आणि सासऱ्यांना मामंजी म्हणायची रीत होती), मला एकदाही टोचून बोलल्याचं आठवत नाही. उलट भाजीवाली आली की तिलाही सांगायच्या, “हमारी बहू बीएस्सी है.” भाजीवाली विचारायची, “वो क्या होता अम्मा?” आत्याबाई म्हणायच्या, “मोठं असतं.” ते वाक्य मराठीतच म्हणायच्या. हिंदी, तेलुगू आणि मराठी त्यांच्या बोलण्यात एकाच ताटात वाढलेली असायची. कुठला घास कशाबरोबर जायचा ते त्यांनाही ठाऊक नसायचं.

आत्याबाईंचं तेल गल्लीत प्रसिद्ध होतं. बायका रिकामी बाटली घेऊन यायच्या, ओट्यावर ठेवायच्या, आणि जाताना भरलेली घेऊन जायच्या. त्याचं काही घ्यायचं असतं हे आत्याबाईंच्या मनातही आलं नव्हतं. मग घरोघर केबल आली. रंगीत जाहिराती आल्या, त्यातल्या मुलींचे केस वाऱ्यावर उडत असायचे. ओट्यावरच्या बाटल्या कमी होत गेल्या. एके दिवशी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या तेव्हा त्यांच्या केसांना बदामाचा भपका येत होता. आत्याबाईंनी त्यांना कुंकू लावलं, ओटी भरली, हसून दारापर्यंत सोडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, “आपलं तेल त्या हिमायतनगरच्या दुकानात ठेवायचं. त्या काचेच्या कपाटात.”

मामंजींनी पेपर खाली घेतला. “कुठे?”

“तिथेच. बदामाच्या तेलाच्या शेजारी.”

हिमायतनगरचं ते दुकान पूर्वी साधं किराण्याचं होतं. पोती, तराजू आणि गादीवर बसलेले शेठजी. त्यांच्या मुलाने सगळं बदललं होतं. काचेचं दार, आत गारवा, हातात टोपली घेऊन आपणच वस्तू उचलायच्या. आत्याबाई मला घेऊन तिथे गेल्या. पिशवीत तेलाच्या दोन बाटल्या होत्या. त्या मुलाने दोन्ही उजेडासमोर धरल्या.

“अम्मा, ये एक हरा है, ये एक काला है.”

“एक गर्मी का है, एक बारिश का,” आत्याबाई म्हणाल्या.

“गाहक को मौसम नक्को अम्मा. गाहक को हर बोतल एकीच होना. और ऊपर लिखना पड़ता, अंदर कित्ते एमएल.”

“लिखेंगे. मेरी बहू बीएस्सी है.”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि जरा नरमाईने म्हणाला, “तो दसरे से पहले लाव. दो बार का तेल, दोनों एक जैसा. दसरे के बाद कपाट का वो खाना कंपनीवाले को देना है मेरेकू.”

बाहेर पडल्यावर आत्याबाईंनी त्या कपाटाकडे एकदा वळून पाहिलं. माझ्या कॉलेजच्या निकालाच्या दिवशी माझे वडील बोर्डाकडे असेच पाहत उभे होते. मी तेव्हाच ठरवलं की हे काम आपलं. या घराने मला वर्षभर न विचारता सांभाळलं होतं, आणि पहिल्यांदाच त्यांना माझ्या शिक्षणातलं काही हवं होतं.

कोठीला पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या गल्लीत प्रयोगशाळेचं सामान मिळतं. तिथून मी अडीचशे मिलिलिटरचं काचेचं मोजपात्र आणलं. बसमध्ये ते मांडीवर घेऊन बसले, तर शेजारच्या बाईने विचारलं, “घर में कोई बीमार है क्या?”

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे आत्याबाईंची पितळेची पावशेरी मोजणं. ती त्यांच्या सासूबाईंची होती, एका बाजूला चेपलेली. पाण्याने काठोकाठ भरून मोजपात्रात ओतली आणि मी जमिनीवर गुडघे टेकून रेष वाचली. दोनशे तेहतीसच्या आसपास. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे नऊशे तेहतीस ग्रॅम, पाण्याचे मिलिलिटरही तेवढेच, आणि त्याचा चौथा हिस्सा दोनशे तेहतीस. फळ्यावरचं कोष्टक आणि माजघरातली पितळ जुळली. मला इतका आनंद झाला की मी मामंजींनाही गुडघ्यावर बसून वाचायला लावलं.

मग मी कागदावर सगळं मांडलं. तेल नऊशे तेहतीस मिली. माक्याचा रस नऊशे तेहतीस. आवळा दोनशे तेहतीस. ब्राह्मी एकशे सतरा.

आत्याबाईंनी कागद लांब धरून वाचला. “नऊशे तेहतीस? शेर म्हटलं की कसं भरल्यासारखं वाटतं. हे मध्येच कुणीतरी बोलावल्यावर उठून गेल्यासारखं वाटतंय.”

“पण आहे तेवढंच, आत्याबाई.”

“असेल बाई. कर.”

मी हिमायतनगरहूनच तिळाच्या तेलाच्या लिटरच्या पिशव्या आणल्या. मका नव्हे, माका, असं सांगून भाजीवालीकडून पाल्याचे भारे मागवले. तिला ते ठाऊकच होतं. वाटून, पिळून, गाळून, मोजून सगळं कढईत घातलं. हे तेल मंद आचेवर उकळतात. रसातलं पाणी पूर्ण उडालं पाहिजे. ते उडालं की नाही हे बघायला कापसाची वात तेलात बुडवून पेटवायची. तडतडली तर पाणी आहे, मुकाट्याने जळली तर तेल झालं. आमची वात मुकाट्याने जळली. तेल मात्र काकवीसारखं झालं होतं. दाट, काळं, आणि करपट वासाचं. कापूर नाकात झोंबत होता.

मामंजींनी बोटावर थेंब घेतला. “हे डोक्याला लावायचं की दाराच्या बिजागरीला?”

“पिशवीतलं तेल आहे ते,” आत्याबाई म्हणाल्या. “पिशवीतल्या तेलाला घाण्याची सर येते का कधी? आपण नेहमीच्या घाणेवाल्याकडून आणू.”

हे मलाही पटलं. काचीगुड्याच्या बाजूच्या गल्लीत त्यांचा घाणेवाला होता. मी त्याच्याकडून लिटरच्या सरकारी मापाने तेल आणलं. घरी मोजपात्राने नऊशे तेहतीस मोजून घेतलं, उरलेलं दिव्यासाठी बाजूला ठेवलं. पुन्हा पाला, पुन्हा वाटण, पुन्हा मंद आच.

पुन्हा काकवी.

एका बाबतीत मला समाधान होतं. दोन्ही वेळचं तेल अगदी एकसारखं झालं होतं. हे मी बोलून दाखवलं, आणि मामंजी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेले. आत्याबाई कढईकडे बघत बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “लिटरात जीव नाही गं.” मग पदराने हात पुसत उठल्या. “राहू दे आता. काचेच्या कपाटात काचेचंच शोभतं. आपण आपलं ओट्यावर देत होतो ते बरं होतं.”

ओट्यावर आता कुणी येत नव्हतं हे त्यांनाही ठाऊक होतं. मला मोठं वाईट वाटलं. प्रयोगात चूक असली तर ती कुठेतरी सापडते, असं मला शिकवलं होतं. रसांची मापं मी पावशेरीवरून पडताळली होती. आच तीच, कढई तीच, हात आत्याबाईंचेच. राहिलं तेलाचं माप. मला वाटलं, घाणेवाल्याचं जुनं मापच मोठं असेल. ते आपण मोजलेलं नाही.

“आत्याबाई, तुम्ही तेल कुठल्या मापाने घेत होता?”

“नवटाकाने. त्याच्याकडे जुनं आहे. मला त्यातच देतो.”

मग आम्ही दोघी मोजपात्र घेऊन घाण्यावर गेलो. घाणेवाला तेलुगू, आत्याबाईंच्याच वयाचा, बनियनवर बसलेला. आत्याबाईंना तो अक्का म्हणायचा. प्रत्येक वेळी तेल तयार झालं की त्यातली एक बाटली त्याच्या बायकोकडे जायची, असा त्यांचा जुना घरोबा होता.

“क्या अक्का, आज बहू को बी लाए?”

“ते काच लायी है. तेरा नवटाक मोजनेकू.”

त्याच्या भुवया वर गेल्या. “मेरे माप पे शक आया क्या?”

“शक नहीं काका,” मी घाईने म्हटलं. “बस हिसाब के वास्ते.”

“डालो, डालो. हमकू क्या.”

त्याने गादीमागून पितळेचं छोटं नवटाक काढलं, तेलाच्या पिंपात बुडवलं, वरचं निथळू दिलं आणि माझ्या मोजपात्रात ओतलं. मी पायरीवर गुडघे टेकले. दोघेतिघे गिऱ्हाईक वाकून बघू लागले. एकशे सतरा. रेषेवर रेष.

“देखे?” घाणेवाला म्हणाला. “इत्ता झुक के तो सरकार बी नहीं देखती.”

आत्याबाईंनी आपला डबा पुढे केला. मी मोजपात्रातलं तेल त्यात ओतलं. डबा तसाच पुढे राहिला. घाणेवाल्याने नवटाक गादीमागे ठेवलं, हात फडक्याला पुसले आणि पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, “तुमकू क्या होना?”

घरी येताना आत्याबाई म्हणाल्या, “आज त्याने हात आखडला.”

“पण माप तर बरोबर होतं, आत्याबाई.”

“माप बरोबर होतं,” त्या म्हणाल्या.

मला तेव्हा काहीच उमगलं नाही. माझ्या डोक्यात एकशे सतराचा आनंद आणि काकवीचं कोडं ही दोनच होती. रात्री जेवताना मीच म्हटलं, “आत्याबाई, एकदा तुम्ही तुमच्या पद्धतीने करा. मी हात लावत नाही. तेल तुम्ही आणा, जसं आणता तसं.”

त्यांची पद्धत अशी होती. त्या शेरभर तेल एकदम आणत नसत. रोज देवळातून येताना घाण्यावर थांबायच्या, एक नवटाक घ्यायच्या आणि घरी येऊन बरणीत ओतायच्या. आठ नवटाकांचा शेर. आठ नवटाक पुरे होत आले की भाजीवालीला पाल्याचं सांगायच्या. ही सवय त्यांच्या नव्या नवरीपणातली. तेव्हा घरात मोठ्या जावा होत्या आणि शेरभर तेल एकदम आणलं असतं तर ते भजी तळण्यात गेलं असतं. नवटाकाकडे कुणी लक्ष देत नसे.

मी ते दिवस नोकरीच्या अर्जांत घालवले. बरणी भरली, पाला आला. आत्याबाई रस काढत होत्या तेव्हा मी म्हटलं, “कढईत घालण्याआधी मी एकदा मोजून बघू?”

“बघ की. शेरच आहे तो.”

मोजपात्र चार वेळा भरलं. म्हणजे हजार झालं. मी थांबले, कारण बरणीत अजून तेल होतं. पाचव्यांदा ओतलं तेव्हा तेल एकशे साठवर थांबलं. मी गुडघ्यावरून उठलेच नाही.

“आत्याबाई, हे शेर नाही.”

“शेरच. आठ नवटाक. मी रोज गेले.”

“मग यात सव्वादोनशे मिली जास्त आहे. म्हणजे पावशेर.”

“ते काय तुझ्या काचेला माहीत,” त्या म्हणाल्या आणि सगळं तेल कढईत ओतून मोकळ्या झाल्या.

संध्याकाळी वात मुकाट्याने जळली. तेल गाळलं तेव्हा ते गडद हिरवं, पातळ, आणि पावसात भिजलेल्या पानांच्या वासाचं होतं. मामंजींनी न विचारता डोक्याला लावलं, जिथे केस नव्हते तिथेही.

दुसऱ्या दिवशी दिव्याला तेल आणायला त्या निघाल्या तेव्हा मीही गेले. हात रिकामे होते, काच घरी. मी घाण्याच्या पायरीशी उभी राहिले. घाणेवाल्याने एक नवटाक डब्यात ओतलं. आत्याबाईंनी डबा मागे घेतला नाही.

“सून बरी आहे का तुझी? आठवा लागला ना?”

“अच्छी है अक्का. पैर सूजते बोलके रोती.” असं म्हणत त्याने हातातलं नवटाक पुन्हा तेलात बुडवलं आणि तळाशी जेमतेम जेवढं आलं तेवढं डब्यात सोडलं.

“सूजते म्हणजे? मीठ कमी खाने बोल. और बायीं करवट सोने बोल.”

“बोलता हूं.” आणखी एक धार.

“और मैं तेल भेजती. पैरकू लगाने.”

“हौ अक्का, भेजो.” आणखी थोडं. मग आत्याबाईंनी डबा मागे घेतला, झाकण लावलं आणि “जाती मैं” म्हणून निघाल्या.

हैदराबादेत काहीही विकत घ्या, मापाच्या वर थोडं फुकट घालतात. तेलुगूत त्याला कोसरू म्हणतात, आणि तिथली मराठी माणसंही कोसरूच म्हणतात. हे मला माहीत होतं. भाजीवाली दोन मिरच्या टाकते ते कोसरू. पण तेलाच्या प्रत्येक नवटाकावर ते पडत होतं, आणि आत्याबाई नवटाक-नवटाकाने घेत असल्यामुळे एका शेरावर ते आठ वेळा पडत होतं, हे माझ्या कोष्टकात कुठेच नव्हतं. कोठीहून आणलेली काच समोर धरली त्या दिवशी तर त्याने एक थेंबही वर दिला नाही. हिशेब मागितल्यावर त्याने हिशेबच दिला. बाटल्या एक हिरवी आणि एक काळी का होत्या, तेही आता कळलं. गप्पा रंगल्या त्या आठवड्यात तेल जास्त, घाणेवाला कामात असला त्या आठवड्यात कमी, आणि रस मात्र तेवढाच.

रस्त्यात मी हे सगळं समजावून सांगितलं. आत्याबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या.

“मग कोसरू कृतीत नाही का धरत?” मी विचारलं.

“कोसरू मोजत असतात का कुणी?” त्या म्हणाल्या. “मोजलं तर ते कोसरू कसलं?”

मागून रिक्षावाला घंटी वाजवत होता. त्या बाजूला झाल्या आणि मग एकदम हसायला लागल्या. इतक्या की पदर तोंडाला लावावा लागला. “म्हणजे इतकी वर्षं मी सव्वा शेर घालत होते! आणि माझ्या सासूबाई सांगायच्या, तुझ्या हाताला चव आहे.”

घरी मामंजींना सांगितलं. ते म्हणाले, “शेरास सव्वाशेर अशी म्हण ऐकली होती. बघायला आज मिळाली.”

आता कागद नव्याने लिहायला घेतला. मी “तेल अकराशे साठ मिली” असं लिहिताच आत्याबाईंनी माझा हात धरला.

“ते वरचं तू असं उघड घालणार? लोकांना वाटेल मी मागून घ्यायची.”

“यात वरचं-खालचं काही दिसत नाही, आत्याबाई. सगळं एकच आहे.”

त्यांनी कागद वाचला, परत वाचला. “हौ,” त्या म्हणाल्या. “हे भरल्यासारखं वाटतंय.”

दसऱ्याला थोडेच दिवस होते. आम्ही तेल पिशवीतलं आणलं, कारण दुकानाला लागणारं तेल नवटाकाने गोळा करायचं तर दिवाळी उजाडली असती. पिशवीतल्या तेलाला कोसरू नसतं. ते आम्ही मोजून घातलं. कढई दोनदा चढवली. दोन्ही वेळचं तेल दोन बाटल्यांत भरून खिडकीत ठेवलं आणि आम्ही तिघंही समोर उभे राहिलो. कुठली पहिली, कुठली दुसरी, कुणालाच सांगता येईना. आत्याबाईंनी दोन्ही हुंगल्या आणि म्हणाल्या, “घाण्याचं असतं तर आणखी बरं झालं असतं.” पण ते त्यांनी असं म्हटलं की सगळ्यांना कळलं, तेल जमलंय.

हिमायतनगरच्या मुलाने बाटल्या उजेडासमोर धरल्या. बराच वेळ धरल्या. मग बाजूच्या नोकराला हाक मारून त्याच्याकडे दिल्या. “बता, अलग है क्या?” नोकर म्हणाला, “एकीच तो है.” मुलाने मान हलवली. “लाव अम्मा. लेबल पे दो सौ एमएल लिखो, और बोतल में दो सौच होना.”

“दो सौच रहेगा,” मी म्हटलं. त्या उत्तराची जबाबदारी माझी होती.

आठवड्याभराने आम्ही दोघी दुकानात गेलो, तेल कपाटात लागलंय का ते बघायला. लागलं होतं. बदामाच्या शेजारी नव्हे, एक कप्पा खाली, पण काचेच्या आत. आत्याबाई त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. एका बाटलीचं लेबल थोडं तिरकं होतं, ते हात घालून सरळ केलं. मी मागे कपड्यांच्या साबणांच्या रांगेशी उभी राहिले, त्यांना एकटं राहू द्यावं म्हणून.

तेवढ्यात टोपली घेतलेली एक तरुण बाई आली. नोकरी करणारी असावी, खांद्याला पर्स होती. तिने आमची बाटली उचलली, उलटीपालटी केली, आणि शेजारी उभ्या असलेल्या वयस्कर बाईंना सहज विचारलं, “अम्मा, ये तेल कैसा है? आप लगाए क्या कभी?”

इतके दिवस ज्या क्षणासाठी खटपट केली तो हाच होता. आत्याबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिला खांद्याला धरून पाठमोरी फिरवलं. तिची वेणी हातात घेतली, टोकापर्यंत बोटं फिरवली, मुळाशी केस बाजूला करून बघितले.

“नक्को लेव,” त्या म्हणाल्या.

“क्यों अम्मा?”

“तुम्हारे बालां तो अच्छेच हैं. कायकू लगाते? जिसके झड़ते उसकू होना ये तेल.”

गल्ल्यावर बसलेल्या मुलाने कपाळावर हात मारला. ती बाई मात्र खळखळून हसली आणि विचारलं, “आपकू कैसे मालूम?”

“मैं बनायी ना,” आत्याबाई म्हणाल्या, जणू दुसरं कुणी बनवेलच कसं.

त्या बाईने दोन बाटल्या टोपलीत टाकल्या. एक आईसाठी, म्हणाली, तिचे झडतात. आत्याबाईंनी तिला जाता जाता सांगितलं की आईला रात्री लावायला सांग, उशीवर जुनं कापड टाकायला सांग, आणि झाकण घट्ट लावायला सांग, कापूर उडून जातो.

परतताना वायएमसीएच्या चौकापाशी रिक्षा थांबली तेव्हा माझ्याकडे वळून काळजीने म्हणाल्या, “दोन कशाला घेतल्या गं तिने? आईला एकच पुष्कळ झाली असती.”